आधी काय दिसते ते सांगा

परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एसटी सुटली तेव्हा सॅकमध्ये दुर्बीण होती, कॅमेरा होता, पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक होतं. मोजपट्टी नव्हती. पुढच्या तीन दिवसांत दुर्बीण दोनदा बाहेर काढली असेल. मोजपट्टी मात्र गावातल्या दुकानातून घ्यावी लागली, शाळेच्या पोरांची, लाल प्लॅस्टिकची, १५ सेंटिमीटरची.

मेळघाटात याआधी दोनदा आलो होतो, दोन्ही वेळा जिप्सीत बसून. १९७३-७४ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक. पण मेळघाट म्हणजे ताडोबा नव्हे. डोंगर, दऱ्या आणि मैलोन्‌मैल साग. इथला वाघ रस्त्यावर येऊन फोटोला उभा राहत नाही. दोन्ही वेळा घरी जाऊन ‘काहीच दिसलं नाही’ असं सांगितलं होतं. या वेळी पायी फिरायचं ठरवलं. गाभा क्षेत्रात ते शक्य नाही, पण बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, एका कोरकू गावाजवळ परवानगी काढून, सोबत वाटाड्या घेऊन चालता येत होतं.

वाटाड्या म्हणजे साठी उलटलेले एक काका. सगळी उमर वनखात्यात मजुरी आणि पहारा करण्यात गेलेली. घरात कोरकू, माझ्याशी वऱ्हाडी आणि मध्येच हिंदी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, म्हणजे मराठीपेक्षा पार झारखंडातल्या संथाळीला जवळची. वाघाला तिच्यात ‘कुला’ म्हणतात. हे मी पहिल्याच संध्याकाळी विचारून वहीत लिहून घेतलं आणि उगाच शहाणा झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. फेब्रुवारीचा शेवट, पळस नुकता पेटायला लागलेला. सागाची पानगळ सुरू झाली होती. सागाच्या वाळक्या पानावर पाय पडला की पोह्याचा पापड मोडल्यासारखा आवाज होतो. माझ्या प्रत्येक पावलाला पापड मोडत होता, काकांच्या नाही. ते पानं टाळत होते असंही नाही. आधी पायाची बाहेरची कड टेकवायची, मग हळूहळू भार द्यायचा. मी तसं करून पाहिलं. दहा मिनिटांत पोटऱ्या भरून आल्या.

ओढ्याच्या रेतीत पहिला ठसा मलाच दिसला. चार बोटं, खाली गादी, नखं नाहीत. कुत्र्याच्या कुळाची नखं उमटतात, मांजराच्या कुळाची उमटत नाहीत, एवढं ठाऊक होतं.

‘बिबट्या!’ मी म्हणालो.

काका उकिडवे बसले. ‘नाव नंतर, भाऊ. आधी काय दिसते ते सांगा.’

‘बिबट्याचा पंजा...’

‘बिबट कुठं दिसते तुमाले? रेती दिसते. काढा वहीत.’

मला चित्र काढता येत नाही. तरी काढलं. बोटं काढताना लक्षात आलं की मधली दोन बोटं अगदी शेजारी शेजारी, एका रेषेत आहेत. उजवी बाजू डावीसारखीच. गादी लहान, जवळजवळ तिकोनी. मांजराच्या कुळात एक बोट जरा पुढे असतं, आपल्या मधल्या बोटासारखं, आणि मोठ्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. इथं काहीच नव्हतं. आणि नखं? काकांनी काडीनं दाखवलं. बोटांच्या पुढे टाचणीनं टोचल्यासारखे दोन ठिपके. रेती वरून वाळून कडक झालेली, म्हणून बाकीची उमटली नव्हती.

माझा बिबट्या म्हणजे काल संध्याकाळी बिस्किटासाठी आमच्या मागे मागे आलेलं गावातलं कुत्रं होतं.

काका हसले नाहीत, हेच जास्त लागलं.

त्यानंतर नाव घ्यायचं नाही, असा नियमच ठरला. मोजायचं, काढायचं, वर्णन करायचं, आणि मग विचारलं तरच बोलायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण डोळा एखाद्या वस्तूवर पडायच्या आत डोकं तिला नाव देऊन मोकळं होतं, आणि नाव दिलं की डोळा पाहायचं थांबतो. जिप्सीत बसून मी दोनदा नेमकं हेच केलं होतं. ‘वाघ’ असं एक नाव घेऊन आलो आणि त्याखाली बाकी सगळं जंगल दडपून टाकलं.

उजेडाचीही गंमत आहे. सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये घ्यायचा. मग त्याची कड सावली धरते आणि बोट न्‌ बोट उठून दिसतं. तोच ठसा बारा वाजता पाहिला तर जमीन पुसून काढल्यासारखी कोरी. दुपारी आम्ही अर्जुनाखाली झोपा काढल्या, ते आळसामुळे नव्हे, असं मी वहीत लिहून ठेवलं आहे.

वाघांची जुनी गणना कशी व्हायची, हे काकांनी तिथंच पडल्या पडल्या सांगितलं. ठशावर काच धरायची, वरून स्केचपेननं बाह्यरेषा काढायची, मग ती कागदावर उतरवायची. मागच्या पायाचा ठसा चौकोनात बसला तर नर, लांबट आयतात बसला तर मादी, असा ठोकताळा. देशातली पहिली व्याघ्रगणना १९७२ ची, ठशांवरच केलेली, आकडा १,८२७. पुढे राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, हे २००५ च्या सुमारास उघड झालं. तेव्हापासून कॅमेऱ्यांवर भर आला. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यावरून मोजतात. नव्या पद्धतीनं २००६ चा अंदाज निघाला १,४११.

‘मंग तुमची काच फुकटच गेली?’ मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

‘काच गेली. चालनं कुठं गेलं?’ ते म्हणाले. खरंच होतं. आजही अंदाज घेताना वनरक्षकाला पाच-पाच किलोमीटर चालून मांसाहारी प्राण्यांच्या खुणा नोंदवाव्या लागतात. कॅमेरा कोणत्या झाडाला बांधायचा, तेही खुणा पाहिल्याशिवाय ठरत नाही. ‘आमाले वाघाची भीती नव्हती, काच फुटायची होती. पैसे कापत,’ एवढं बोलून काका घोरायला लागले.

खरा धडा होता वेळेचा. कोण गेलं हे सांगणं त्या मानानं सोपं. कधी गेलं?

दुपारनंतर गाडवाटेवर एक मोठा ठसा मिळाला. या वेळी मी निमूट वही काढली. लांबी, रुंदी, एक बोट पुढे, गादीला मागे तीन फुगवटे. ठसा जोडीनं होता, पुढच्या पायाच्या खुणेवर मागचा पाय पडलेला. हा वाघ, असं काकांनी मान्य केलं. मग बोट दाखवून विचारलं, ‘हे काय?’ ठशाच्या तळाशी बारीक बारीक खळगे होते, कोणीतरी पाण्याचा शिपका मारल्यासारखे. वर पाहिलं तर वाटेवर झुकलेली धावड्याची फांदी. पहाटे पानांवरून दव ठिबकतं. थेंब ठशाच्या आत पडले, म्हणजे ठसा दवाच्या आधीचा. एका बोटाच्या खुणेत वाळूतला किडा नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंगीची वाट बघत बसला होता. त्याला घर बांधायला सवड मिळाली होती. आणि गादीवरून एका भुंग्याची टाके घातल्यासारखी रेघ गेली होती. एवढं सगळं त्यावर घडून गेलेलं. म्हणजे निदान काल रात्रीचा.

त्या ठशापाशी आम्ही पाऊण तास होतो. वाघ दिसल्यावर जिप्सी कधी पाऊण तास थांबत नाही.

थोडं पुढे ऐनाच्या खोडाशी काका नाक खुपसून उभे राहिले. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, भेगाळलेली. मीही वास घेतला. शिजणारा बासमती! वाघ हद्दीच्या खुणेसाठी झाडावर जो फवारा मारतो, त्यात आणि बासमती तांदळात सुवासाचं एकच द्रव्य असतं, हे वाचलं होतं. वाचणं वेगळं आणि भर जंगलात भाताची भूक लागणं वेगळं.

बाकीचं भराभर सांगतो. अस्वलाचं मागचं पाऊल माणसाच्या पावलासारखं दिसतं, फरक नखांचा. एक वारूळ त्यानं असं फोडलं होतं की आत हात घातला असता तर कोपरापर्यंत गेला असता. रानडुकराच्या खुरामागे मऊ जमिनीत दोन जादा ठिपके उमटतात. चौसिंगा लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा एकाच जागी येतो, त्यामुळे ढीग साचतो. वाघ किंवा बिबट्याच्या विष्ठेत केस असतात आणि त्या केसांवरून त्यानं काय खाल्लं ते प्रयोगशाळेत कळतं. काकांना काडीनं उकरूनच बरंच कळत होतं. मला ते जमलं नाही. खरं तर धाडस झालं नाही.

तिसऱ्या सकाळी परीक्षा. काकांनी मला ओढ्याच्या कडेनं एकट्याला पुढे पाठवलं. ‘त्या बेहड्यापर्यंत जा, वाचत वाचत. मी मागून येतो.’ दीडशे-दोनशे पावलांचं अंतर असेल. मी मान खाली घालून गेलो. सांबराचे खूर मोठे, चितळाचे लहान, त्यातलं एक चितळ पळालेलं, कारण खूर फाकले होते आणि मागे रेती उडाली होती. बेहड्याखाली उभा राहून सगळं लिहून काढलं. नाव कुठंही आधी घेतलं नव्हतं.

काका सावकाश आले. वहीकडे पाहिलंच नाही. आलेल्या वाटेकडे वळून म्हणाले, ‘तीनदा थांबले तुमी. दोनदा पाहाले. तिसऱ्यांदा काहून एकदम मागं सरकले?’

रेतीत माझ्या टाचा खोल रुतल्या होत्या. मी कबूल केलं. करवंदीच्या जाळीत पानांचा मोठा खडखडाट झाला होता. काहीतरी जड, अगदी जवळ.

काका जाळीपाशी गेले. खाली पाचोळा उपसून काढलेला, ओली माती उघडी पडलेली, तीत तीन बोटांच्या बारीक खुणा.

‘काय दिसते?’ त्यांनी विचारलं.

मी वही उघडली आणि रानकोंबडीचा पाय काढायला बसलो.