किनाऱ्यावरच्या घराला सोलर: बिल, पाऊस आणि खारं वारं

महावितरणच्या बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. सोलरचा हिशेब तिथून सुरू करावा, विक्रेत्याच्या कोटेशनवरून नव्हे. गावच्या घरात दोघंच राहतात आणि महिन्याला ८०-९० युनिट जळतात, तर पहिल्या शंभर युनिटांचा दर मुळातच कमी असतो. तिथे १ किलोवॅट पुरतं. महिना ३०० युनिटांच्या आसपास किंवा वर जात असेल तर मात्र ३ किलोवॅट घ्या, कारण वरच्या स्लॅबमधले महाग युनिट आधी कमी होतात. खर्च साधारण १.८ ते २ लाख येतो. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती मीटरवरच्या ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, पण पॅनेलमधले सेल भारतीय बनावटीचे हवेत. उरलेले पैसे अशा घरात ४-५ वर्षांत सुटतात. स्थिर आकार भरावाच लागतो, बिल शून्य होत नाही.

३ किलोवॅटला सुमारे ३०० चौरस फूट जागा लागते. एप्रिल-मे महिन्यांत दिवसाला १२-१३ युनिट मिळतात, जुलैत झड लागली की ४-५ वर येतात. नेट मीटर, म्हणजे आपण घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर, त्याचा हिशेब एप्रिल ते मार्च चालतो, आणि ते आपल्या पथ्यावर पडतं: उन्हाळ्यात शिल्लक राहिलेले युनिट पावसाळ्यात वापरता येतात. मार्चअखेर जे उरतं त्याला फार कमी मोबदला मिळतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा प्लांट बसवू नये.

कोकणात खरा घात होतो तो पॅनेल धरणाऱ्या सांगाड्यात. खाऱ्या हवेत साधा रंगवलेला लोखंडी अँगल दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला सांगाडाच घ्या, जस्ताचा थर किमान ८० मायक्रॉन. भोकं कारखान्यातच पाडून आणायला सांगा. छतावर ड्रिल मारलं की जस्त उडतं आणि गंज तिथूनच शिरतो. नटबोल्ट ३१६ ग्रेड स्टीलचे घ्यावेत. ३०४ स्वस्त पडतं, पण समुद्राजवळ त्यावर डाग धरतात. पॅनेलची फ्रेम अॅल्युमिनियमची असते, ती ओल्या खारटपणात लोखंडाला थेट टेकली तर फ्रेमच खाल्ली जाते. मध्ये रबरी पॅड घाला, आणि पॅडमुळे विजेचा जोड तुटतो म्हणून अर्थिंगची तार प्रत्येक फ्रेमला वेगळी जोडा. पॅनेलच्या कागदावर आयईसी ६१७०१ ही खारट धुक्याची चाचणी लिहिलेली आहे का, तेही बघा.

जून २०२० मध्ये निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा पत्र्यांचं काय झालं ते रायगडात सगळ्यांना ठाऊक आहे. पॅनेलच्या पोटात वारा शिरला की ते खालून उचललं जातं. सांगाडा उंच करण्याचा हट्ट नको. स्लॅबवर पाय काँक्रीटच्या ठोकळ्यांत घट्ट बसवा. कौलारू छपरावर कौलांना काहीही अडकवू नका, हुक वाशांना हवेत आणि वासे आधी सुताराकडून तपासून घ्या. जुन्या घरात अंगणातल्या पडवीचा स्लॅब बरा पडतो.

माडाची एक झावळी पॅनेलवर आडवी सावली टाकत असेल तरी एका ओळीतल्या सगळ्या पॅनेलांचं उत्पादन घसरतं. शिवाय नारळ पडून काच फुटते. सावलीसाठी हापूसचं कलम तोडू नये, पॅनेलची जागा बदलावी.

चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठाक होते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. डीसी (पॅनेलकडची बाजू), एसी (घराकडची बाजू) आणि वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा दांडा) यांचे अर्थिंगचे खड्डे वेगवेगळे ठेवा, मे महिन्यात त्यात पाणी घाला. मान्सूनपूर्व विजांच्या कडकडाटात इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र) जळतो तो बहुतेकदा याच हलगर्जीपणामुळे.

लाइन गेली की साधा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर बंद पडतो. खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. पावसात रात्र-रात्र अंधार असेल तर बॅटरीसह हायब्रिड लागेल, खर्च बराच वाढेल.

लाइनवरून येणाऱ्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण राज्याची बरीचशी वीज चंद्रपूर-कोराडीकडच्या कोळशावरच येते. ३ किलोवॅट वर्षाला चार हजार युनिटांच्या आसपास देतं, म्हणजे पावणेतीन टनांच्या घरात कार्बन वाचतो.

पाऊस संपला की ऑक्टोबरात फ्रेमच्या खालच्या कडेला शेवाळ धरतं. मऊ कापड आणि गोडं पाणी घेऊन सकाळी, काच गार असताना पुसा. खाऱ्या विहिरीचं पाणी नको, काचेवर पांढरे डाग राहतात. त्याच दिवशी सगळे बोल्ट पान्याने एकदा आवळून घ्या.