जी कशी धरायची ते पुढची कॉर्ड ठरवते

गिटारवर सी कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) ए मायनर आता न बघता लागते. त्यात शाबासकीसारखं फार काही नाही, कारण तिथे हलतं एकच बोट. तर्जनी बी तारेच्या पहिल्या फ्रेटवर (तारा जाडपासून पातळपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई; फ्रेट म्हणजे गळ्यावरचा कप्पा), मधलं बोट डी तारेच्या दुसऱ्यावर, ही दोघं जागची हलतच नाहीत. अनामिका तेवढी ए तारेवरून उठून जी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येते. ई ते ए मायनर याहून सोपं. आकार तोच, अख्खा एक तार पातळ तारांकडे सरकवायचा.

खरी झटापट जी, सी, डी या त्रिकुटाशी चालू आहे.

जी धरायच्या दोन पद्धती आहेत आणि 'बरोबर कुठली' यावर लोक उगाच हमरीतुमरीवर येतात. माझ्या मते दोन्ही शिकाव्यात. पुढे सी असेल तर अनामिका सर्वात जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट ए तारेच्या दुसऱ्यावर आणि करंगळी सर्वात पातळ तारेच्या तिसऱ्यावर. मग सीला जाताना अनामिका आणि मधलं बोट जोडीने एक तार खाली उतरतात, करंगळी उठते, तर्जनी बसते. पुढे डी असेल तर मात्र चार बोटांची जी. मधलं बोट आणि तर्जनी जाड तारांवर, अनामिका आणि करंगळी शेवटच्या दोन पातळ तारांच्या तिसऱ्या फ्रेटवर. डीमध्ये अनामिका बी तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच लागते, म्हणजे तिला उचलायचंच नाही. तिच्याभोवती बाकीची बोटं फिरतात.

सीऐवजी सी ॲड नाइन ही कॉर्ड वापरली तर चार बोटांच्या जीवरून फक्त दोन बोटं हलतात, हे खरं. पण त्यात डी हा जास्तीचा सूर येतो आणि आईच्या भजनाखाली तो मला खटकतो. फिल्मी गाण्यांत छान लागतो.

आईची पट्टी काळी चार, म्हणजे जीपेक्षा अर्धा सूर वर. म्हणून कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर आणि बोटं जीच्याच आकारात. भजनी ठेका 8 मात्रांचा, कॉर्ड बहुतेक वेळा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, बदलते. आई झांजा घेऊन बसते आणि झांज कुणासाठी थांबत नाही! मेट्रोनोमने (ठोके देणाऱ्या यंत्राने) मला जितकं शिकवलं नाही तितकं या झांजेने शिकवलं: डावा हात अडखळला तरी चालेल, उजवा थांबता कामा नये.

यावरची युक्ती जुनीच आहे. आठव्या मात्रेच्या उत्तरार्धात डावा हात उचलायचा आणि तो खालून वर जाणारा स्ट्रोक मोकळ्या तारांवर मारायचा. तेवढ्या वेळात बोटं समेला पोचतात. कानाला हे खुपत नाही, कारण ई, ए, डी, जी, बी हे मोकळ्या तारांचे पाचही सूर जी मेजरचेच आहेत. कॅपो लावला तरी नातं तेच राहतं. एफच्या पट्टीत मात्र हे खपणार नाही, तिथे बी कोमल लागतो.

कॅपोवरून आठवलं. कॅपो लावल्यावर कॉर्ड एकदम सोप्या वाटत असतील तर दोष बोटांचा नसू शकतो. नटच्या (गळ्याच्या टोकाला तारा टेकतात त्या तुकड्याच्या) खाचा उथळ असतील तर पहिल्या फ्रेटवर तारा उंच राहतात, आणि सीची तर्जनी उगाच दुखते. दुरुस्ती करणाऱ्याला दाखवा, खाचा घासून देतात. घरी कानस घेऊन बसू नका, जास्त घासली गेली की मोकळी तार झणझणते.

सध्या मिनिटाला 66 ठोक्यांच्या लयीत जी-सी-डी-जी न अडखळता फिरते. 72 ला डीवरून परतताना चार बोटांची जी लागते आणि लगेच सी आली की गाडी रुळावरून घसरते. म्हणून पुढचे काही दिवस एकच काम: डीनंतर आणि सीच्या आधी येणाऱ्या जीवर, वाजवता वाजवता, चार बोटांवरून तीन बोटांवर यायचं. कुणाकडे याहून बरी तोड असेल तर सांगा. फक्त सी ॲड नाइन सुचवू नका.