जास्वंदीचा पराग आणि एन्हान्सचं बटण

मोबाईल आयपीसला टेकवून मायक्रोस्कोपमधले फोटो काढणारे हल्ली बरेच झालेत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, फोटो शार्प करायला कुठलं अॅप टाकू? माझं सरळ म्हणणं, आधी स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र करून एकच स्पष्ट फोटो बनवणं) शिका, बाकीचं नंतर बघू.

जास्वंदीचा परागकण घ्या. काटेरी गोळा, चांगला १०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर, आणि १०एक्स ऑब्जेक्टिव्हला (स्लाइडजवळच्या दहापट मोठं दाखवणाऱ्या लेन्सला) एका वेळी फोकसमध्ये येतो जेमतेम ८-९ मायक्रॉनचा थर, म्हणजे वरचे काटे नीट दिसले की कडेचे धूसर आणि कडेचे आणले की वरचे गायब, मग अॅपमधला शार्पनिंगचा स्लायडर कितीही ओढा, जे टिपलंच नाही ते येणार कुठून! (खालून लाइट दिला तर नुसता काळपट गोळा दिसतो, बाजूनं टॉर्च मारा.) त्यापेक्षा फाइन फोकसचं चाक ५-५ मायक्रॉननं सरकवत फोटो काढत जा. हेलिकॉन फोकस, झिरीन स्टॅकर वगैरे सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतला स्पष्ट भाग उचलून एकच फोटो करून देतात. दोन्ही विकतची आहेत, फुकट हवं तर कम्बाइनझेडपी.

दुसरी गोष्ट इमेजजे, फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतल्या वेन रासबँड यांनी बनवलेलं, फुकट, दिसायला अगदीच जुनाट पण कामाला एक नंबर. स्लाइडवरची रिकामी जागा शोधून त्याच लाइटमध्ये एक फोटो काढायचा आणि इमेजजेच्या इमेज कॅल्क्युलेटरमध्ये खऱ्या फोटोला त्या रिकाम्या फोटोनं भागायचं, कोपऱ्यातला अंधार आणि धुळीचे ठिपके बऱ्यापैकी साफ. फोकस आणि कॅमेरा मधे हलवायचा नाही हां.

आणि अॅपमधलं ते एआय एन्हान्सचं बटण? तोच पराग एका अॅपमध्ये टाकला तर काट्यांच्या मधे मस्त केसाळ पोत आला, जो मुळात नव्हताच! जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट अॅबेनं १८७३ मध्येच सांगून ठेवलंय की लेन्सची मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि लेन्सच्या एनएवर (न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते त्याचं माप) ठरते, हिरव्या प्रकाशात ०.६५ एनएच्या ४०एक्सला साधारण ०.४२ मायक्रॉन, त्याखालचे बारकावे अॅप दाखवत असेल तर ते मनानंच काढलेले. वॉलपेपरला ठीक आहे, पण त्यावरून काटे मोजून प्रोजेक्टमध्ये टाकणार असाल तर हात जोडते, मूळ फोटो द्या.