वहीतल्या रेघा

ठोकळ्यांचा मनोरा धाडकन पडला आणि मागे वळून बघायच्या आतच माझ्या तोंडून त्याचं नाव निघालं. तो होता खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, मातीचा हत्ती करण्यात गुंगलेला. "टीचर, मी इथे आहे," एवढंच म्हणाला आणि पुन्हा हत्तीची सोंड वळायला लागला. साडेचार वर्षांचं पोर. त्याला या हाकेची सवय झाली होती, आणि ती मीच लावली होती.

मी जवळ जाऊन त्याची माफी मागितली. पण दिवसभर मन थाऱ्यावर नव्हतं.

येल विद्यापीठात २०१६ मध्ये वॉल्टर गिलियम आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मी वाचला होता. बालवर्गांत काम करणाऱ्या १३५ जणांना चार मुलांची चित्रफीत दाखवली आणि सांगितलं, कोण त्रास देतंय ते शोधा. खरं तर त्यात कुणीच त्रास देत नव्हतं. नजर टिपणाऱ्या यंत्राने दाखवलं, की बघणाऱ्यांचे डोळे सगळ्यात जास्त वेळ कृष्णवर्णीय मुलावर खिळले होते. वाचताना वाईट वाटलं होतं, पण ते दुसऱ्या कुणाबद्दल आहे असंच धरून चालले होते. माझ्या वर्गातल्या या मुलाचा आवाज मोठा, बोलायची ढब माझ्यापेक्षा वेगळी. माझी नजर तेवढ्यावरूनच ठरत होती.

मग मदतनीस ताईंच्या हाती एक वही दिली. बावीस नावं, दोन रकाने. मी कुणाला रागावले, कुणाला प्रश्न विचारून उत्तर ऐकलं. प्रत्येक वेळी एक रेघ. आपलं आपल्याला मोजता येत नाही, म्हणून त्यांना सांगितलं. पाच दिवसांनी त्यांनी वही पुढे केली, तेव्हा बराच वेळ दोघीही बोललो नाही. रागावण्याच्या चौदा रेघा एकट्या त्याच्या नावापुढे होत्या. एका मुलीपुढे मात्र दोन्ही रकाने कोरे.

तिच्या घरी वेगळी भाषा बोलतात. मी सगळ्यांना सारखे प्रश्न विचारते याचा मला अभिमान होता. तिलाही विचारत होतेच, पण ती मनात शब्द जुळवेपर्यंत मी पुढच्या मुलाकडे वळलेली असायचे. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात प्राथमिक वर्गांत हेच मोजलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ज्यांना ते कच्चे समजतात त्यांच्यासाठी तर आणखी कमी. तीन सेकंद थांबलं की मुलं जास्त बोलतात.

आता मी मनात पाच आकडे मोजते. सुरुवातीला ती शांतता फार जड जायची. परवा पाण्याच्या टबाशी तिला विचारलं, यातलं काय बुडेल? एक, दोन, तीन, चार... तिने दगड उचलला आणि तिच्या भाषेतला एक शब्द उच्चारला. शेजारचा मुलगा म्हणाला, "टीचर, ती 'जड' म्हणतेय." मग सगळ्यांनी तो शब्द म्हणून बघितला, आणि ती प्रत्येकाचा उच्चार सुधारत राहिली!

वही अजून सुरू आहे. त्याच्यापुढच्या रेघा गेल्या आठवड्यात तीनवर आल्या. पण वर्गात काही पडलं, की तो अजूनही हातातलं काम थांबवून आधी माझ्याकडे बघतो.