पाटीवरची शेवटची ओळ

‘कामून जमवता हो ही गंजकी पत्रं?’ घरी आलेला पाहुणा चहा येईस्तोवर हे विचारतोच. बैठकीच्या भिंतीवर चहाच्या, शिलाई मशीनच्या, आडत दुकानांच्या, कुण्या वैद्याच्या अशा जुन्या पाट्या लावलेल्या आहेत. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

त्या देखण्या आहेत, हे तर आहेच. इनॅमलची पाटी म्हणजे लोखंडी पत्र्यावर काचेची पूड चढवून ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत भाजलेली. रंग काचेतच मुरलेला, त्यामुळे आमच्याकडच्या उन्हातही निळा निळाच राहतो. तिचा घात होतो खिळ्याच्या भोकापाशी. तिथला टवका उडाला की पाणी शिरतं आणि गंज आतून पसरत जातो.

पण माझा जीव अडकतो तो पाटीच्या तळाशी, पत्त्याच्या ओळीत. मराठवाड्यातलं दुकान जागचं हललं नाही तरी त्याचा पत्ता बदलत गेला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली, तरी नंतर आठ वर्षं आपण हैदराबाद राज्यातच होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पुढे जिल्हे फुटले. ‘जालना, जि. औरंगाबाद’ असं लिहिलेलं दिसलं की पाटी १९८१ च्या आधीची समजायची. ‘लातूर, जि. उस्मानाबाद’ असेल तर १९८२ च्या आधीची. हिंगोलीपुढे ‘जि. परभणी’ हे तर १९९९ पर्यंत चाललं. पिनकोड असला तर १५ ऑगस्ट १९७२ च्या अलीकडची, कारण पिनकोड आलाच त्या दिवशी. (दुकानदार जुनीच पाटी वर्षानुवर्षं वापरायचे, त्यामुळे हा हिशेब पाटीचा, दुकानाचा नव्हे.)

किमतीही बोलतात. आणे म्हणजे साधारण १९५७ च्या आधीचं, ‘नवे पैसे’ म्हणजे १९५७ ते १९६४ मधलं. निजामाच्या मुलखात आणखी एक भानगड होती: हाली रुपया वेगळा आणि इंग्रजांचा कलदार वेगळा. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. म्हणून भाव सांगताना रुपया कोणता, हेही सांगावं लागायचं.

हे ठाऊक असलं की फसवणूकही पकडता येते. एका जुन्या मालाच्या दुकानात मला ‘आजोबांच्या काळातली’ म्हणून चहाची पाटी दाखवली. टवके छान उडवलेले, गंजही बेताचा, किंमत दोन आणे. खाली लिहिलेलं, ‘लातूर, जि. लातूर’. दुकानदाराला म्हटलं, मामा, दोन आण्यांत चहा मिळायचा तेव्हा लातूर जिल्हा कुठं होता? तो हसला आणि म्हणाला, ‘घ्या ना, निम्म्यात देतो.’ मी घेतली नाही. बाकी बनावट उत्तम होती.

कायद्याने शंभर वर्षांपुढची वस्तू ‘पुरावस्तू’ ठरते, १९७२ चाच कायदा आहे तो. त्या मानाने माझ्या पाट्या पोरसवदा. जुनी भांडी, अडकित्ते, दिवे मला बघायला आवडतात, पण विकत घ्यावेसे वाटत नाहीत. ती घरात वापरायची, घरच्यांनी हाताळायची. पाटी रस्त्यावरच्या कुणाही माणसाशी बोलायला टांगलेली असते आणि जाता जाता आपण कुठल्या राज्यात राहतो तेही सांगते.

एक पाटी मात्र अजून हाती लागलेली नाही: मराठवाड्यातल्या गावाच्या नावापुढे ‘मुंबई राज्य’ लिहिलेली. तो काळच जेमतेम साडेतीन वर्षांचा. एवढ्यासाठी नवी पाटी कोण करून घेणार? तरी कुण्या पेठेत, पाडायला काढलेल्या वाड्याच्या माळवदाखाली एखादी असेलही. तुमच्याकडे वाडा पाडायचा असेल तर पत्रा भंगारवाल्याच्या काट्यावर जायच्या आधी मला एक फोन करा. भंगारापेक्षा दोन पैसे जास्तच देईन.