आडव्या व्ही-६ इंजिनाच्या मागच्या रांगेतले प्लग: माझा अनुभव

इंजिन आडवं बसवलेल्या व्ही-६ (व्ही आकारात तीन-तीनच्या दोन रांगांत सहा सिलिंडर) गाडीत पुढचे तीन स्पार्क प्लग हाताशी असतात. मागचे तीन फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) बाजूला, इनटेक प्लेनमच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या वरच्या भागाच्या, खाली दडलेले. काही गाड्यांत प्लेनम न काढता, नुसत्या बोटांच्या अंदाजाने तिथवर पोचता येतं. तरीही मी प्लेनम उतरवूनच काम केलं आणि सगळ्यांनी तसंच करावं असं मला मनापासून वाटतं. न दिसणाऱ्या खोबणीत प्लग तिरका बसला की अ‍ॅल्युमिनियम हेडचे आटे जातात, आणि ते दुरुस्त करणं प्लग बदलण्यापेक्षा कितीतरी मोठं काम आहे.

प्लेनम निघणारच, तर त्याखालचं सगळं एकदमच उरकावं. म्हणून सहा प्लगांसोबत प्लेनम आणि थ्रॉटल बॉडीच्या (आत जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) गॅस्केट, मागच्या टॅपेट कव्हरची (हेडवरच्या झाकणाची) गॅस्केट, प्लग ट्यूबचे सील आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा) आधीच आणून ठेवले. प्लगच्या खोबणीत तेल साचलेलं दिसलं तर ट्यूबचे सील गेलेले असतात. नुसतं पुसून नवा प्लग लावला तर कॉइलचं (प्लगवर बसून त्याला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाचं) रबर तेलाने फुगतं आणि इंजिन पुन्हा मिस मारायला लागतं.

इंजिन पूर्ण थंड हवं, कारण गरम अ‍ॅल्युमिनियममधून प्लग काढताना आटे सोलले जातात. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली, हवेचा पाइप काढला, प्रत्येक व्हॅक्यूम होजला चिकटपट्टी लावून क्रमांक टाकले. थ्रॉटल बॉडीतून कूलंटचे होज जात असतील तर ते न सोडता थ्रॉटल बॉडीच बाजूला सरकवता येते का, ते पाहावं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नये.

प्लेनमचे वरचे बोल्ट निघाले तरी तो हलत नाही, कारण मागच्या बाजूला त्याला आधाराच्या पट्ट्या असतात. इथे घाई करून पेचकसाने उचकटलं की प्लॅस्टिकचा प्लेनम तडकतो. छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन आधी मागचे बोल्ट शोधावेत. प्लेनम उचलताच खालच्या प्रत्येक पोर्टमध्ये स्वच्छ, भडक रंगाचं फडकं कोंबलं आणि ती मोजून ठेवली. एक वायसर आत पडला तर थेट व्हॉल्व्हपर्यंत जातो.

कॉइलच्या क्लिपा उष्णतेने ठिसूळ झालेल्या असतात. आधी कनेक्टर किंचित आत दाबून मग क्लिप दाबली तर ती तुटत नाही. कॉइल थोडी गोल फिरवून वर ओढली. प्लग सैल करण्याआधी खोबणीत हवा मारणं आवश्यक, नाहीतर तिथली वाळू सिलिंडरमध्ये उतरते. बहुतेक गाड्यांना १६ मिमी, काहींना १४ मिमीचं प्लग सॉकेट लागतं, सोबत लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉइंट.

नवा प्लग रबरी नळीच्या टोकात अडकवून हाताने फिरवला. आटे तिरके लागले तर नळी घसरते आणि नुकसान टळतं. रॅचेटला ते कळत नाही. गाडीच्या मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा जोर) पाहावा. तो मिळाला नाही तर अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये वायसरवाल्या १४ मिमी प्लगला साधारण २५ ते ३० आणि १२ मिमी प्लगला १५ ते २० न्यूटन-मीटर धरतात. मुलामा असलेल्या प्लगच्या आट्यांना ग्रीस लावू नये, त्याने त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. इरिडियमचं टोक नाजूक, त्यामुळे गॅप (टोकांमधलं अंतर) नुसता तपासावा, ठोकून बदलू नये.

टॅपेट कव्हर बसवताना टायमिंग कव्हर आणि हेडच्या सांध्यावर सीलंटचा छोटा ठिपका हवाच, गळती बहुधा तिथूनच सुरू होते. फडकी मोजून बाहेर काढली. प्लेनमचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत आवळले.

सुरू केल्यावर थोडा वेळ आयडल वर-खाली होणं साहजिक आहे, कारण बॅटरी सोडल्याने कंट्रोल युनिट नव्याने शिकत असतं. आयडल चढाच राहिला, फुसफुस ऐकू आली किंवा पी०१७१ आणि पी०१७४ (दोन्ही रांगांत हवेच्या मानाने इंधन कमी) हे कोड आले तर हवा गळतेय. निसटलेला होज किंवा दुमडलेली गॅस्केट शोधावी. एकाच सिलिंडरचा मिसफायर कोड आला तर आधी त्या कॉइलचा कनेक्टर नीट बसलाय का ते पाहावं. बसलेला असेल तर ती कॉइल पुढच्या रांगेत लावून बघावी. कोड तिच्यासोबत सरकला तर दोष कॉइलमध्येच आहे.