कटलाही आणि उरलाही

अकरावीला लिमिटनंतर कंटिन्युइटी शिकवतो, म्हणजे फंक्शनचा आलेख कुठं तुटतो का ते. त्या दिवशी फळ्यावर (क्ष² − ५क्ष + ६) / (क्ष² − ४) होतं. अवयव पाडले: वर (क्ष − २)(क्ष − ३), खाली (क्ष − २)(क्ष + २). इथं आलो की मी दरवर्षी वहीत एक ओळ लिहून द्यायचो, ‘कटला तिथं होल, उरला तिथं असिम्प्टोट.’ म्हणजे २ ला होल, आलेखातला नुसता एक बिंदू गायब; −२ ला असिम्प्टोट, अशी उभी रेषा जिच्याजवळ वक्र अनंताकडे पळतो. ओळ पोरांच्या तोंडात बसते, पेपरात मार्कही मिळतात.

तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. ‘‘सर, एकच अवयव कटलाही आणि उरलाही, तर?’’

तिनं उदाहरणही तयार ठेवलं होतं: (क्ष − १) / (क्ष − १)². एक जोडी उडते, खाली एक (क्ष − १) राहतो. माझ्या ओळीप्रमाणे १ ला दोन्ही व्हायला हवं, आणि ते शक्यच नाही.

माझा कॅल्क्युलेटर तिच्या हातात दिला. आधी फळ्यावरच्या फंक्शनमध्ये १.९९ घाल म्हटलं. आलं −०.२५३. मग २.०१: −०.२४७. दोन्हीकडून किंमत −१/४ जवळच येते; वक्र सरळ चालत येतो, फक्त तो एक बिंदू तिथं नाही. आता तुझं घे. १.०१ ला १००, १.००१ ला १०००. ०.९९९ ला −१०००. ती आकडे मोठ्यानं वाचत होती आणि मागचे बाक एकदम गप्प झाले होते.

असिम्प्टोटच. कटलं किती याला अर्थ नाही. सगळं कटून झाल्यावर खाली तो अवयव शिल्लक आहे का, एवढंच बघायचं. माझी ओळ मी सगळ्यांना वहीत खोडायला लावली. इतकी वर्षं ती अपुरी ओळ मी पोरांना दिली, हे मला फार लागलं.

तास संपत आला होता. मी अपूर्णांक उलटा केला: (क्ष − १)² / (क्ष − १). एक मुलगा म्हणाला, ‘‘क्ष − १ उरतं, म्हणजे आलेख १ ला एक्स-अक्ष छेदतो.’’

‘‘अरे, १ डोमेनमध्येच नाहीये, मूळ अपूर्णांकात १ घातला की खाली शून्य येतं,’’ ती म्हणाली. फळ्याशी येऊन तिनं तिरपी रेषा ओढली, अक्षाजवळ खडू उचलला, आणि बरोबर १ वर एक छोटं रिकामं वर्तुळ काढलं.